छाती कमी करण्याचं ऑपरेशन: चवथीपर्यंत हात वर जातील का?

अबोली_फोंडा | २ मे, रात्री १०:४०

नमस्कार. वाचक जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. समोरासमोर विचारायला जीभ रेटत नाही म्हणून इथे.

वय ३६, मुलगी आठ वर्षांची. छाती मुळातच जड, बाळंतपणानंतर आणखी वाढली. खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्यात, त्यात बोट बसतं. मान आणि पाठ बारा महिने दुखते. आणि मे महिन्यात छातीखाली घामाने जी आग होते ती गोव्यातल्या बायकांना वेगळी सांगायला नको. पावडरी, मलमं, सुती फडकं दुमडून खाली ठेवणं, सगळं करून झालं. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघांनीही रिडक्शन करून घे म्हटलं. तारीख १२ जून ठरतेय.

डॉक्टरांनी सांगितलेलं माझ्याकडे कागदावर आहे. मला कागदावर नसलेलं हवंय. घरी आल्यावर काय जमत नाही? पतसंस्थेत काउंटरला बसते, रजा किती टाकू? आणि हसू नका, सावईवेऱ्याच्या मूळ घरी चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) गेली दहा वर्षं मी बांधते, स्टुलावर चढून (बाई असून मीच, घरात दुसरं कोणी उंच नाही). चवथ सप्टेंबरच्या मध्याला आहे. तोवर हात वर जातील का?

सुंगटाची_कढी | २ मे, रात्री १०:५२

स्टुलावर चढून? ऑपरेशन राहू दे गो, आधी त्या स्टुलाचं बघ.

बिमली | ३ मे, सकाळी ७:१५

मी केलंय. म्हापशाची आहे, अडीच वर्षं झाली. एका बाजूचं साडेसहाशे ग्रॅम काढलं, दुसऱ्या बाजूचं पाचशे ऐंशी. साडेतीन तास, पूर्ण भूल, दोन रात्री हॉस्पिटलात. दोन्ही बाजूंना नळ्या होत्या, टोकाला छोटी बाटली. सगळ्यांना लावतात असं नाही. काढताना दुखत नाही, पण आतून गांडूळ ओढून काढतायत असं वाटतं. डोळे मिटून घे.

दुखणं मला सिझेरियनपेक्षा कमी वाटलं. थकवा मात्र विलक्षण. चौथ्या दिवशी दुपारी पेज जेवताना मला रडू फुटलं, कारण काहीच नव्हतं. नवरा घाबरला. नंतर कळलं की भूल, औषधं आणि झोपमोड यांनी पुष्कळजणींचं असं होतं. आणि कोणी बोलत नाही ती गोष्ट: दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही. पाणी, पपई, आणि डॉक्टर देतील ते औषध पहिल्या दिवसापासून.

आता घरातलं. केस विंचरणं, केस धुणं (मी पार्लरमध्ये जाऊन नुसते धुवून घ्यायचे, सर्वांत चांगले पैसे तेच खर्च झाले), डोक्यावरून घालायचा कुठलाही कपडा, कपाटाची वरची फळी, भरलेला कुकर, पावसात फुगलेली खिडकी ओढून लावणं. आदोळीवर बसून नारळ कातणं तर विसरच. पुढून बटणांच्या चार नाइट्या आणि नवऱ्याचे जुने शर्ट काढून ठेव. झोपायचं उताणं, पाठीला दोन उशा लावून. कुशीवर झोपायला मला सहा आठवडे लागले आणि त्या रात्री मी नऊ तास झोपले.

रजा तीन आठवड्यांची टाक. दोन आठवड्यांत खुर्चीवर बसण्याजोगी होशील, पण काउंटरवरून वाकून कागद घेणं वेगळं आणि नुसतं बसणं वेगळं.

दशावतार_प्रेमी | ३ मे, सकाळी ९:०३

पुरुष आहे, चालेल का लिहिलेलं? पेडण्याहून. बायकोचं याच कारणासाठी चाललंय. ती इथे लिहिणार नाही, मीच वाचून दाखवतो. नवऱ्याने नक्की काय करायचं असतं?

बिमली | ३ मे, सकाळी ९:२०

@दशावतार_प्रेमी, चालेल नव्हे, पाहिजेच. पहिले दहा दिवस घर तुमचं. 'मी मदत करतो' हा शब्द वापरू नका. मदत करणारा माणूस दर अर्ध्या तासाने विचारतो, मीठ कुठे आहे म्हणून.

दशावतार_प्रेमी | ३ मे, सकाळी ९:२४

मीठ कुठे आहे ते माहीत आहे. हिंग सापडत नाही.

पंचगंगा | ३ मे, दुपारी १:३०

वेगळं मत मांडते, रागावू नका. कोल्हापूरची आहे. माझाही आकार मोठा होता. दीड वर्ष व्यायाम केला, चौदा किलो उतरवले, छाती दोन मापांनी कमी झाली. चाकू लावण्याआधी हे करून बघायला काय हरकत आहे? आजकाल सगळ्याला ऑपरेशन.

अबोली_फोंडा | ३ मे, दुपारी २:१०

@पंचगंगा, अकरा किलो मीही उतरवले, दोन वर्षांपूर्वी. चेहरा उतरला, कंबर उतरली. छाती जिथल्या तिथे. धावायला गेले तर दोन ब्रा एकावर एक घालून, आणि फर्मागुडीच्या चढावर लोकांच्या नजरा.

मानपाठ_फिजिओ | ३ मे, रात्री ८:४५

दोघींचंही खरं आहे. छातीत चरबी किती आणि ग्रंथींचा भाग किती हे प्रत्येकीचं वेगळं. चरबी जास्त असली तर वजनाबरोबर आकार उतरतो, ग्रंथी जास्त असल्या तर व्यायामाने ढिम्म हलत नाही. तरीही वजन आधी स्थिर करा असं सर्जन सांगतात, कारण नंतर वजन बरंच वाढलं-घटलं की आकार पुन्हा बदलतो. गरोदरपणातही बदलतो.

अबोली, हातांचं. खांदे गोल फिरवणं, कोपर अंगाशी ठेवून हात हलवणं पहिल्या आठवड्यातच, सर्जनने हो म्हटल्यावर. भीतीने हात अंगाशी आवळून बसणाऱ्या बायकांचे खांदे धरतात आणि मग त्या माझ्याकडे येतात. खांद्याच्या वर हात नेणं हळूहळू, साधारण चार ते सहा आठवड्यांनी. जड उचलणंही तोवर बंद. तुझ्याकडे तीन महिने आहेत, हात वर जातील. सुपारीचं शिपटं (अख्खा घड) हातात धरून ते वर तोलणं हा वेगळा प्रश्न, त्याचं उत्तर ऑगस्टमध्ये.

रातपाळी | ४ मे, पहाटे ४:५०

निवृत्त नर्स. झोप अजून ड्युटीवरचीच, म्हणून या वेळेला.

पुष्कळ बायकांना वाटतं की निप्पल कापून वर चिकटवतात. बहुतेक वेळा तसं नसतं. खालच्या मांसाच्या एका देठावर ते जिवंतच ठेवतात, रक्तपुरवठ्यासकट, आणि देठासह वर सरकवतात. फार मोठा आकार असेल तर क्वचित पूर्ण सुटं करून लावावं लागतं, मग संवेदना आणि दूध दोन्हीची आशा सोडायची. देठावर ठेवलं तरी संवेदना कमी होऊ शकते, काहींची जाते, काहींची महिन्यांनी परत येते. येताना विजेचे बारीक झटके बसल्यासारखं होतं, घाबरू नये. पुढे मूल हवं असेल तर आत्ताच सर्जनशी बोल. पाजता येतं अनेकींना, पण दूध पुरेल याची खात्री कोणी देणार नाही.

व्रण दोन प्रकारचे. एक निप्पलभोवती गोल आणि खाली सरळ रेघ. दुसऱ्यात त्याखाली आडवी रेघही, जहाजाच्या नांगरासारखी. मोठ्या आकाराला बहुधा दुसरा. सरळ आणि आडवी रेघ जिथे मिळतात तिथे ताण जास्त, तिथेच जखम थोडी उकलते. हे पुष्कळदा होतं आणि बहुधा ड्रेसिंगवर भरून येतं. पण जून म्हणजे आपल्याकडे दमट, काही वाळत नाही. आंघोळीनंतर खालची घडी टिपून कोरडी करायची, पंख्याखाली बसायचं. सर्जिकल ब्रा दोन हव्यात, एक पावसात वाळत नाही तोवर दुसरी. ती दिवसरात्र घालायची असते, साधारण सहा आठवडे.

एक बाजू अचानक फुगली, टणक झाली, दुखू लागली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच घटकेला फोन. ताप, पू, लाली पसरणं, निप्पल काळपट पडणं, एका पोटरीला सूज, धाप लागणं, यांनाही तेच. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणूनच पहिल्या दिवशी उठवून चालवतात, नर्सला शिव्या घालू नका. गर्भनिरोधक गोळ्या, ॲस्पिरिन, कसलीही आयुर्वेदिक चूर्णं घेत असाल तर आधी सांगा. सिगरेट ओढत असाल तर आधी निदान चार आठवडे बंद, नंतरही तितकेच. धुराने त्वचेला रक्त कमी पोहोचतं आणि निप्पल मरू शकतं. इथे अतिशयोक्ती करत नाहीये.

जुनं_ते_सोनं | ४ मे, सकाळी ११:००

देवाने दिलेलं शरीर कापून टाकायचं आणि वर चवथीची माटोळी बांधायची. काळ बदलला खरा.

तवशें | ४ मे, सकाळी ११:०६

माझ्या सासूबाईंनी दोन्ही मोतीबिंदू काढले तेव्हा देवाला विचारलेलं आठवत नाही. उलट दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन मूर्तीचे डोळे किती छान दिसतात म्हणाल्या.

व्यवस्थापक | ४ मे, सकाळी ११:४०

दोन प्रतिसाद उडवले आहेत. फोटो मागणारे सदस्य आता सदस्य नाहीत.

कागदी_घोडा | ४ मे, दुपारी ३:२५

पैशांचं कोणीच लिहिलं नाही, मी लिहितो. विमा कंपन्या सौंदर्याची ऑपरेशनं वगळतात. पण आयआरडीएआयने (विम्याच्या सरकारी नियामकाने) ठरवून दिलेल्या त्या कलमातच अपवाद आहे: अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला असलेला प्रत्यक्ष आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार, तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं तर. 'तातडीचा धोका' या शब्दावर कंपनी अडून बसते. म्हणून फाइल जाड करा. मानेचे एक्स-रे, ऑर्थोची चिठ्ठी, फिजिओची बिलं, चट्ट्यांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलात त्या तारखा. प्री-ऑथ, म्हणजे कंपनीची पूर्वमंजुरी, आधी मागा. माझ्या बहिणीचा दावा एका कंपनीने पहिल्यांदा 'कॉस्मेटिक' म्हणून एका ओळीत परत पाठवला. सर्जनने सव्वा पानाचं पत्र दिलं, दुसऱ्यांदा मंजूर झाला, तोही अर्धा.

गोव्यात पाच वर्षं राहिलेल्यांसाठी दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, २०१६ पासूनची. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. पण ती ठरलेल्या प्रोसिजरच्या यादीवर चालते. कार्ड घेऊन काउंटरवर यादीतलं नाव आणि कोड बघून घ्या, 'होईल बहुतेक' म्हणणाऱ्यावर जाऊ नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, तिथली ओपीडी करूनच खासगीचा विचार करा असं माझं मत.

आंबाड्याचं_करम | ४ मे, रात्री ९:१८

माझी मुलगी १७ वर्षांची. कॉलेजात कायम पोक काढून, पुस्तकं छातीशी धरून चालते. पोहणं सोडलं. तिचं करता येईल का आत्ता?

रातपाळी | ५ मे, पहाटे ५:०५

@आंबाड्याचं_करम, करतात, पण वाढ थांबली आहे आणि माप काही काळ स्थिर आहे हे बघून. तोवर नीट मापाची ब्रा मिळवून दे. आणि तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू दे. आईसमोर मुली 'मला काही नाही' म्हणतात.

तवशें | ५ मे, सकाळी १०:३०

नीट मापाची ब्रा! त्यावर वेगळा धागा निघेल. मडगावच्या एका दुकानात काउंटरवरच्या माणसाने माझं माप माळ्यावरच्या पोऱ्याला ओरडून सांगितलं. पोऱ्याने वरून ओरडून विचारलं, 'कितें? परत सांग.' सगळ्या दुकानाला पाठ झालं. मी आंबोलीला जाणाऱ्या बसमध्ये बसून पळून जावं असा विचार केला होता.

सुंगटाची_कढी | ५ मे, सकाळी १०:३३

मडगावाहून आंबोली? पळतानाही हवा खायची.

एक_बाजू | ६ मे, रात्री ११:५०

इथे सगळं गोड चाललंय म्हणून लिहिते. माझं चार वर्षांपूर्वी झालं. डावीकडची जखम त्या जोडावर उकलली, सात आठवडे ड्रेसिंग चाललं. डाव्या निप्पलला आजही काही कळत नाही. व्रण जाड झाले, आमच्या घराण्यात कान टोचले तरी गाठ येते, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या नाहीत.

मान दुखायची थांबली, पहिल्याच आठवड्यात. पुन्हा करशील का विचाराल तर हो, करीन. पण त्या सात आठवड्यांत प्रत्येक माणूस मला 'अगं, छान झालं ना आता' म्हणत होता आणि मी घरी पू पुसत होते. तो राग गेलेला नाही.

बिमली | ७ मे, सकाळी ६:५५

@एक_बाजू, बरं झालं लिहिलंस. माझे व्रण वर्षभर जांभळट होते, आता फिकट आहेत. सिलिकॉन जेल जखम पूर्ण मिटल्यावर रोज लावलं आणि उन्हापासून झाकून ठेवलं. पण गाठी येणारी त्वचा असेल तर ते आधीच सर्जनला सांगायला हवं. अबोली, तुझे कान बघ.

अबोली_फोंडा | ७ मे, दुपारी १:१५

कान ठीक आहेत. नाक टोचलं होतं तेव्हा छोटी पुटकुळी आलेली, ती गेली. सांगते डॉक्टरांना.

शेजारी काय सांगायचं हाही एक प्रश्न आहे. पंधरा दिवस दिसले नाही तर वाड्यावर चर्चा होणारच.

तवशें | ७ मे, दुपारी १:२२

पाठीचं ऑपरेशन सांग. खोटंही नाही, दुखणं पाठीचंच.

अबोली_फोंडा | २४ जून, सायंकाळी ५:३०

बारावा दिवस. एका हाताने टाइप करतेय असं समजा, दोन्ही कोपरं उशीवर आहेत.

झालं. साडेतीन तासांच्या जवळपास लागले. काढलेलं सगळं तपासणीला पाठवलं होतं, रिपोर्ट काल आला, ठीक आहे. (आधी सोनोग्राफी झाली होती. चाळिशी उलटलेल्यांना मॅमोग्राम सांगतात.)

शुद्धीवर आल्यावर पहिली जाणीव दुखण्याची नव्हती. मान मोकळी वाटली. वीस वर्षं कोणीतरी मागून मानेवर हात ठेवून दाबत होतं आणि त्याने हात काढला. मग तासाभराने दुखायला लागलं ते वेगळं. आकार सध्या चमत्कारिक आहे, वर चढलेला, चौकोनी, खोक्यासारखा. खाली बसायला महिने लागतात म्हणे, सूज पूर्ण उतरून खरा आकार सहा महिने ते वर्षाने.

घरी येताना फोंड्यापर्यंतचा प्रत्येक हंप मोजला. सीटबेल्टच्या आत उशी धरली होती, ही युक्ती कोणीच लिहिली नव्हती, नोंद करून ठेवा. नळ्या लावल्या नव्हत्या, त्यामुळे बिमलीचं गांडूळ हुकलं.

नवरा 'मदत' करत नाहीये. परवा त्याने केलेलं कुळथाचं पिठलं खाऊन मुलगी म्हणाली, आई कधी बरी होणार?

दशावतार_प्रेमी | २४ जून, सायंकाळी ६:१०

वाचून दाखवलं. ती म्हणाली, उशीचं लिहून घ्या.

अबोली_फोंडा | २ ऑगस्ट, रात्री ९:००

सात आठवडे. उजव्या बाजूला जोडावर नखाएवढं उकललं होतं, चौथ्या आठवड्यात. रातपाळीताईंनी लिहिलं नसतं तर मी रात्रभर रडले असते. तीन आठवडे ड्रेसिंग, भरलं. पतसंस्थेत विसाव्या दिवशी गेले, दुपारी बाराला वाटलं तिथेच आडवं व्हावं. बिमलीचे तीन आठवडे बरोबर होते, खरं तर चार घ्यायला हवे होते.

स्कूटर आत्ता सुरू केली. परवा झोपेत कुशीवर वळले आणि जागी झाल्यावर कळलं.

हात खांद्याच्या वर जातात, पण कडेला ओढल्यासारखं होतं.

मानपाठ_फिजिओ | २ ऑगस्ट, रात्री १०:२०

ओढ जाईल. भिंतीवर बोटं चालवत वर ने, रोज दोनदा. वजन मात्र अर्ध्या किलोपासून, तेही सर्जनला विचारून. माटोळीचं उत्तर: हलकं तू, जड दुसरा कोणी.

पंचगंगा | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

अबोली, बरं वाटलं वाचून. माझं मत बदललं नाही, पण तुझ्या बाबतीत मी घाई केली.

अबोली_फोंडा | १७ सप्टेंबर, रात्री ११:१५

चवथ झाली. ठरल्याप्रमाणे मी खाली उभी राहून सांगणार आणि दीर चढणार. त्यांनी कांगलां सगळी एका बाजूला बांधली, आंबाड्यांचा घोस कोपऱ्यात दिसणार नाही असा कोंबला, आणि तवशी थेट भटांच्या डोक्यावर येईल अशी लटकवली. अर्धा तास सहन केलं. मग चढले. नारळ आणि सुपारीची शिपटं त्यांनी, बाकी सगळं मी. मावळिंग बांधताना उजवीकडे थोडी ओढ जाणवली, तेवढंच.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. आरती झाल्यावर आत येऊन म्हणाल्या, माझीही मान अशीच दुखायची, साठ वर्षं. मला वाटायचं सगळ्यांचीच दुखते.

सुंगटाची_कढी | १७ सप्टेंबर, रात्री ११:२०

स्टूल तेच?

अबोली_फोंडा | १७ सप्टेंबर, रात्री ११:२१

तेच. एक पाय अजून हलतो.